सावळीराममामांकडे चार हजार फायली

"यापुढे या जिल्ह्यात एकही फाईल हरवणार नाही!"

उज्वलाने भर बैठकीत असं छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा समितीचे पाचही सभासद बटाटेवडा खायचे थांबले. फाईल हरवणार नाही म्हणजे काय? मग लोकांना सांगायचं काय?

उज्वला खात्याच्या इगतपुरीच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक, राहायला मात्र नाशिकरोडला. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं, असं तीन वर्षं चाललेलं. नाशिकला बदली मिळावी म्हणून तिने अर्ज केला होता, पण त्याची फाईल गडप झाली ती झालीच. नाशिकच्या मुख्य कार्यालयात आस्थापना शाखा म्हणे, आमच्याकडे आलीच नाही. आवक-जावकवाले म्हणत, आली असेल तर पुढे गेली असेल. पुढे म्हणजे कुठे, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तीन वर्षं हेलपाटे घालून बाई अशी संतापली की तिने फाईल शोधायची प्रणालीच बनवली!

प्रणाली साधी होती. फायलीवर चौकोनी कोड चिकटवायचा आणि त्यावर मोबाइल धरायचा. पडद्यावर तीनच गोष्टी येतात: फाईल क्रमांक, विषय, सध्या कुणाकडे. नमुना म्हणून तिने पहिली नोंद केली ती स्वतःच्याच बदलीच्या फायलीची. 'सध्या कुणाकडे'च्या रकान्यात कुणाचं तरी नाव हवं होतं. साहेबांचं टाकलं तर साहेब चिडतात, म्हणून तिने शिपाई सावळीराममामांचं टाकलं. मामा कुणावर चिडत नाहीत. विचारल्याशिवाय तर ते बोलतही नाहीत.

आता ही समिती. तिचं नाव 'उदयोन्मुख माहिती तंत्रज्ञान शोध, मूल्यमापन व प्रसार समिती'. नाव एवढं लांब की पाटीवर 'समिती' हा शब्द मावला नाही, तो खाली वेगळ्या फळीवर लिहिला. नवं तंत्रज्ञान शोधायला ही मंडळी दोनदा हैदराबादला आणि एकदा बंगळुरूला जाऊन आली होती. इगतपुरीचा बेत निघाला तो वर्षअखेरीला, प्रवासाचा निधी संपल्यावर.

उज्वलाने पडद्यावर पहिलंच पान लावलं: 'काखेत कळसा अन् गावाला वळसा!'

"हे आपल्या खात्याचं वर्णन आहे," ती म्हणाली. बोलताना तिची नजर समितीचे सदस्य सचिव प्रफुल्ल सर यांच्यावर होती.

सरांनी चष्मा पुसला. "मॅडम, यात एआय कुठे आहे?"

"सर, यात फाईल कुठे आहे ते कळतं."

"ते ठीक आहे. पण एआय?"

"नाही सर."

"घाला."

मग मूल्यमापन! बेचाळीस रकान्यांचा तक्ता. 'तंत्रज्ञान उदयोन्मुख आहे काय? असल्यास केव्हापासून?' प्रणालीच्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठाला दहा गुण, चहापानाच्या व्यवस्थेला पाच. पण तंत्रज्ञान चालतं का, हा रकाना शोधून सापडेना!

"सर, निदान एकदा वापरून तर बघा!" उज्वला कळवळून म्हणाली.

"वापर हा मूल्यमापनाचा भाग नाही," सर म्हणाले. "तो वापरणाऱ्यांचा प्रश्न."

शंभरात एक्याण्णव गुण पडले. उज्वला हरखली. आता आपण समितीच्या डोळ्यांत भरलो, म्हणजे बदली कुठे जात नाही, असं तिने घरी नवऱ्याला, योगेशला, सांगूनही टाकलं.

पाठोपाठ प्रसाराचा आदेश निघाला: 'सदर प्रणाली सर्व कार्यालयांनी जशीच्या तशी स्वीकारावी. मूळ नमुन्यात कोणताही बदल करू नये.' आणि कुणी करू नये म्हणून समितीने नमुन्याला कुलूपच घातलं. कुलूप कुठे? नेमकं 'सध्या कुणाकडे'च्या तिसऱ्या रकान्याला! मनमाडपासून पिंपळगावपर्यंतच्या कारकुनांनी फायलींचे क्रमांक भरले, विषय भरले. तिसरा रकाना आपोआप भरून येत होता. आयता भरलेला रकाना नाकारणारा कारकून अजून जन्माला यायचाय. महिन्याभरात जिल्ह्यातल्या चार हजार तीनशे बारा फायली चढल्या, आणि एकूण एक फायलीपुढे एकच नाव होतं: सावळीराम, शिपाई, इगतपुरी!

पहिल्यांदा मनमाडचा एक माणूस आला. मग दोन आले. मग पिंपळगाव बसवंतचा एक द्राक्षवाला पेटी घेऊनच उतरला.

"मामा, शीतगृहाच्या परवान्याची फाईल तुमच्याकडं अडकलीय. जरा मोकळी करा."

"नाय बा, तुमची फाईल माझ्याकडं नाय," मामा स्टुलावरून उठत म्हणाले.

"मोबाइल काय खोटं बोलतो व्हय? हे बघा, तुमचंच नाव हाय!"

मामांनी बघितलं. नाव त्यांचंच होतं. मामा जितकं 'नाय' म्हणत, तितकं लोकांना वाटे, लय पोचलेला गडी हाय, असा ऐकायचा नाय. कुणी पाया पडू लागलं. शेवटी तर लोक साहेबांच्या दाराला पाठ करून मामांच्या स्टुलापुढे रांग लावायला लागले. साहेबांना ते कसं सोसावं!

मामांना नोटीस आली: 'आपण ४३१२ फायली ताब्यात का ठेवल्या, याचा खुलासा सात दिवसांत करावा.'

"मॅडम," मामा नोटीस पुढे करत म्हणाले, "माझ्याकडं एक स्टूल हाय अन् एक ट्रंक. चार हजार काय मावत्यात व्हय तिच्यात?"

उज्वलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गरीब माणसाची ही काय थट्टा! दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि नाशिकला मुख्य कार्यालयात प्रफुल्ल सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, एका रकान्याचं कुलूप काढा. दोन मिनिटांचं काम आहे!"

"समितीची बैठक सप्टेंबरात आहे, मॅडम."

"अहो, ते नाव मी नमुना म्हणून टाकलं होतं! खोटं आहे ते!"

"खोटं कसं? एक्याण्णव गुण मिळालेत त्याला."

"सर, प्रणाली मी बनवलीय!"

"बनवली तुम्ही. मूल्यमापन आमचं. आता ती तुमची राहिली नाही." आणि वर त्यांनी तिला एक पत्रही दिलं: 'फाईल कुठे आहे हे कसे पाहावे' या प्रशिक्षणाला श्रीमती उज्वला यांनी हजर राहावे!

जूनच्या पहिल्या आठवड्यात इगतपुरीत लखोटा आला. वर 'बदली आदेश'. उज्वलाने देवाचं नाव घेऊन फोडला आणि घाईघाईने वाचू लागली. 'जिल्ह्यातील सर्व फायली श्री. सावळीराम यांच्या ताब्यात असल्याने, प्रशासकीय सोयीसाठी त्यांची बदली नाशिक मुख्यालयी करण्यात येत आहे.'

तीन वर्षं जिने टाचा झिजवल्या ती इगतपुरीतच, आणि ज्याने अर्जसुद्धा केला नाही तो नाशिकला! मामा तर रडायच्या बेतात आले. "मॅडम, माझी भाताची आवणी-लावणी तोंडावर आलीय वो! मला नको नाशिक!"

उज्वलाने तिथल्या तिथे प्रफुल्ल सरांना फोन लावला. "सर, हा अन्याय आहे! माझ्या अर्जाचं काय झालं?"

"थांबा, बघतो." पलीकडे मोबाइलची टिकटिक ऐकू आली. "हां. तुमची फाईल ना... सावळीरामांकडे आहे."

तिने फोन आदळला. "ऐकलंत, मामा? माझीसुद्धा फाईल म्हणे तुमच्याकडे!"

"हाय ना," मामा म्हणाले.

उज्वला गर्रकन वळली.

"काय?"

मामांनी ट्रंक उघडली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, सुतळीने बांधून, कोरी करकरीत फाईल! "तीन वर्सांमागं लग्नाला गावी गेल्या तवा तुम्हीच दिली. म्हणाल्या, मामा, जिवापाड जपा, मी मागेस्तोवर कुणाच्या हाती देऊ नका. जुन्या साहेबांनी सहीला दोनदा मागितली. मी नाय दिली!"

"अहो, मी तीन वर्षं फाईल शोधतेय! तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही हरवलेली शोधत व्हत्या," मामा निरागसपणे म्हणाले. "ही कुठं हरवली व्हती?"

उज्वलाला आठवलं. लग्न आठवलं, पिशवी आठवली, सुतळीची गाठसुद्धा तिनेच मारली होती. परत आल्यावर नव्या साहेबांनी 'गेली असेल नाशिकला' म्हटलं आणि तीही नाशिकलाच शोधत सुटली. या कचेरीत मामांना एका शब्दाने विचारायचं मात्र तिला कधी सुचलं नाही.

संध्याकाळी समितीचा तक्ता आला: 'प्रणालीने अचूक ठिकाण दाखवलेल्या फायलींची संख्या लिहा.' उज्वलाने बराच वेळ पेन चावलं आणि मग लिहिलं: 'एक.' पुढचा रकाना होता: 'ती कुणाची?'

तो तिने कोरा ठेवला आणि ते 'काखेत कळसा'वालं पान गुपचूप काढून टाकलं.