लिमजी अप्पांचा बायपास

लिमजी अप्पा माझ्या मोटारसायकलवर मागे बसत ते हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास घेऊन. गाडी माझी, ग्लास त्यांचा आणि रस्ता सरकारचा. बायपासचा नवा तुकडा डांबरून झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा माझ्या दुकानासमोर उभे. "चाल भो, रोड देखी येऊत."

मी सावकाश चालवायचं, त्यांनी ग्लास पोटाशी धरायचा. थेंब सांडला की रस्ता नापास. आजवर एकही तुकडा पास झालेला नव्हता आणि माझ्या शर्टाची पाठ कायम ओली असे. "पानी सांडनं म्हंजे कंबर मोडनी," असं म्हणत अप्पा खाली उतरत आणि जो मुकादम सापडेल त्याला फैलावर घेत. कंबर कोणाची, हे त्या बिचाऱ्याला कधी कळलं नाही.

प्रकाशा गावाहून शहाद्याकडे निघालं की आमचं गाव लागतं. माझं खत-बियाण्याचं दुकान आणि अप्पांचं घर समोरासमोर, मधून मुख्य रस्ता. सुरतेहून मध्य प्रदेशात जाणारं प्रत्येक वाहन आमच्या दोघांच्या मधून जाणार. जाणार म्हणजे काय, उभं राहणार. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चौकात आडवा व्हायचा, समोरून केळीचा ट्रक यायचा, मागे एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून निवांत तंबाखू मळत बसायचा. रस्ता ओलांडायचा तर लोक माझ्या दुकानात बसून, चहा पिऊन मग ओलांडत.

अप्पा एकटे. बायको गेली, एकुलती मुलगी जयू सुरतेला दिली. तिच्या सासऱ्यांची कुलदेवी खेतियाच्या पलीकडे, त्यामुळे वर्षातून चार-पाचदा तरी त्यांची गाडी आमच्या गावातून जायची. आणि दर वेळी, आमच्या जामच्या कृपेने, बरोबर अप्पांच्या दारात अडकायची.

गाडी थांबली रे थांबली की जयू दार उघडून घरात पळायची. बापाच्या शर्टाची बटणं तपासायची, डबे हुंगून शिळं काय ते फेकायची, कपाळाला हात लावून ताप आहे का बघायची, आणि हे सगळं करताना तोंडाने शिव्या चालू. सासरे ओट्यावर चहा घ्यायचे. पुढचा ट्रॅक्टर हलला की हॉर्न, की जयू पदराला हात पुसत गाडीत. एवढंच तिचं माहेरपण. मुद्दाम दोन दिवस राहायला पाठवणाऱ्यांतलं ते घर नव्हतं आणि मुद्दाम मागणाऱ्यांतले अप्पा नव्हते. मुलीकडची बाजू, बोलायचं कसं?

असंच एकदा चहाची बशी खाली ठेवत व्याही म्हणाले, "तुमच्या गावात शिरलं की माझी कंबरही जाते आणि दिवसही जातो." माणूस बोलून मोकळा झाला. चहा बरा होता, असंही त्याच दमात म्हणाला असेल. पण अप्पांनी ते काळजाला लावून घेतलं. आपल्या गावामुळे व्याह्यांना त्रास! "याहीसले तरास व्हस ना भो," हे एक वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी तो त्रास मलाच व्हायला लागला.

मग बायपासची आखणी आली. अख्खं गाव हरकती घेत होतं, तेव्हा अप्पांनी सगळ्यात आधी रान दिलं. दिलं ते कसं, तर घड धरलेली केळी स्वतःच्या हाताने कोयत्याने आडवी केली आणि साहेबांना म्हणाले, "उशीर नका करू."

साहेबांनी उशीर केला. ठेकेदार आला, गेला, दुसरा आला. भरावावर बाभळी उगवल्या. त्या भरावाने पावसाचं पाणी अडलं, पलीकडच्या रानातली पपई उभीच्या उभी सडली. उन्हाळ्यात कपाशीच्या काड्यांपासून माणसांच्या पापण्यांपर्यंत सगळ्यावर मुरुमाची धूळ. लोक अप्पांच्या तोंडावर बोलायचे. अप्पांचं उत्तर ठरलेलं: "दम धरा, व्हई जाई." रोलरवाल्याला घरचं ताक नेऊन पाजायचे, ओल्या डांबराकडे निघालेल्या म्हशीला छत्री घेऊन आडवे जायचे. बायपासवर इतकं प्रेम खुद्द ज्यांनी तो मंजूर केला त्यांचंही नसेल.

मी एकदा सरळ विचारलं, "अप्पा, बायपास झाला तर जयूची गाडी गावात येईल कशाला?"

अप्पा मोठ्याने हसले. "येडा शे का तू? तरास मिटना म्हंजे याहीच म्हनतीन, चाला, अप्पाना घर जाऊत!"

इतक्या खात्रीने बोलणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा?

या अखाजीच्या, लेकी माहेरी येतात त्या अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर रस्ता एकदाचा सुरू झाला. त्या दिवशी पाणी सांडलं नाही. अप्पांनी ग्लासकडे बराच वेळ पाहिलं आणि मग ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं. इकडे आमचा जुना रस्ता आठवड्याभरात मेला. चौकातल्या चहावाल्याने भट्टी विझवून दार लावलं. भर रस्त्यात कुत्री झोपू लागली. मी दुकानात बसून समोरच्या ओट्यावरच्या अप्पांकडे बघायचो, ते माझ्याकडे. पूर्वी मधल्या ट्रकांमुळे आम्ही एकमेकांना दिसतही नसू.

मग जयूचा फोन आला. उद्या देवीला निघतोय. अप्पांनी दाढी केली, शेजारच्या काकूंना सांगून आमरस-पुरणपोळी करवली आणि मला म्हणाले, "नवा रोड शे, त्यासले फाटा सापडाव नही. आपन उभा ऱ्हाऊत." म्हणून आम्ही भर उन्हात बायपासच्या फाट्यावर उभे राहिलो.

पांढरी गाडी लांबूनच दिसली. जावई चालवत होता. आम्हाला पाहून त्याने वेग कमी केला. मागची काच खाली आली आणि जयू दिसली. तिचा हात दाराच्या कडीवर होता, गाडी थांबली की उतरायच्या बेताने. पुढच्या सीटवर व्याही होते. मान मागे टाकलेली, तोंड अर्धवट उघडं, गाढ झोपलेले.

गाडी थांबतच आली होती. अप्पांनी व्याह्यांकडे पाहिलं. आणि दोन्ही हात वर करून, एखाद्या ट्रॅफिक पोलिसासारखे ते गाडीला पुढे काढू लागले. "जाऊ द्या, जाऊ द्या! झोपमोड नका करू त्यासनी!"

जावयाने क्षणभर आरशात मागे पाहिलं. मग गाडी पुढे गेली. जयूचा हात खिडकीबाहेर आला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत बाहेरच राहिला.

"देखं?" अप्पा मला म्हणाले. "जाग बी नही उनी त्यासले." आवाजात खरोखरचा अभिमान होता, देवाशपथ. मग ते रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. उन्हाने तो तापून लाल झाला असणार, पण त्यांना ते कळलंसं दिसलं नाही. रडले नाहीत. रडले असते तर मला बरं वाटलं असतं. मला त्या काळ्याशार, गुळगुळीत रस्त्याचा इतका राग आला की नखांनी उकरून काढावासा वाटला.

रस्त्यावरून नजर न काढता त्यांनी हळूच विचारलं, "आते ती कसाले थांबी, भो?"

परत जाताना थांबतील ना, असं मी म्हणणार होतो. पण परत जायचा रस्ताही हाच होता.