गुडघ्यांचं झाड

वाटाड्याला त्या झाडाचं नाव ठाऊक नव्हतं. त्या चिंब, घनदाट जंगलात नाव ठाऊक नसलेली झाडंच जास्त होती, पण तसं सांगितलं की पर्यटक तोंड वाकडं करतात. लोकांना जंगल नको असतं. जंगलाकडून काहीतरी उकळायचं असतं.

त्या दिवशी सकाळपासून पक्ष्याचं पीसही दिसलं नव्हतं. गाडी थांबली तिथून खाली समुद्रापर्यंत पायवाट होती, आणि पर्यटकांतला एक विम्याचा एजंट गाडीच्या दारात आपल्या आईला अडवून उभा होता.

"आई, तू गाडीतच बस. तुझे गुडघे बघ. येताना समुद्राचे फोटो आणतो."

"फोटोत पाय बुडवू का?" म्हातारी म्हणाली. "मला एकदा पाण्यात उभं राहायचंय."

"हट्ट नको."

तेवढ्यात पर्यटकांतल्याच एका मास्तरांनी वाटाड्याला कुत्सितपणे विचारलं, "आणि हे झाड कसलं? की तेही माहीत नाही?"

वाटाड्याची जीभ सुटली. "गुडघ्यांचं. खोडावर तळवा घासून गुडघ्यांना लावला की दुखणं जातं."

म्हातारी मुलाच्या काखेखालून बाहेर आली. तिनं तळवा घासला, गुडघ्यांना लावला, गाडीभोवती ताठ फेरी मारली. "गेलं रे," ती म्हणाली.

झालं. सगळे झाडाला झोंबले. मास्तर तर किल्लीनं साल खरवडायला लागले. वाटाड्या झाड आणि मास्तरांच्या मध्ये शिरला. नाव ठाऊक नसलं तरी झाड रोजच्या येण्याजाण्यातलं होतं.

"एकदाच हात लावायचा," त्यानं दुसरी थाप ठोकली. "पुन्हा लावलात तर दुखणं उलटून येतं."

मास्तरांनी किल्ली गुपचूप खिशात टाकली. पण एजंटच्या बायकोचा तोवर तीनदा हात लावून झाला होता. पहिल्याच उतारावर ती लंगडायला लागली.

"अहो, खरंच दुखतंय."

एजंट पेचात पडला. बायकोचं दुखणं खरं मानावं, तर आईचं बरं होणंही खरं ठरतं, मग तिला अडवायचं कसं? आणि बायकोला खोटी म्हणायची त्याची छाती नव्हती. लोकांना भीती विकून पोट भरणारा तो माणूस बायकोला धरून मुकाट गाडीकडे परतला.

म्हातारी पुढे निघाली. ओली मुळं, निसरडे दगड, कशाला म्हणून थांबेना. मागून चालणाऱ्या वाटाड्याला घाम फुटला. ही पडली तर आपल्या थापेनं पडणार. वाळू लागली तेव्हा कुठे त्यानं श्वास सोडला. बाकीचे शंखशिंपले गोळा करायला पांगले आणि तो तिच्याजवळ गेला.

"आजी, मी थाप मारली. त्या झाडात काही नाही."

म्हातारी लाटेत पाय रोवून उभी होती. "तोंडावरून तेव्हाच कळलं होतं."

"मग इतकं चाललात कशा?"

"दुखतंय म्हटलं की बसवून ठेवतात. गेलं म्हटलं की सोडतात. खरं काय, ते कोण विचारतंय?"

"म्हणजे अजून दुखतायत?"

"जीव जातोय," ती समुद्राकडे बघत शांतपणे म्हणाली. "वर चढताना हात दे. गाडी दिसली की सोड."