कानशीनं घासलेले बारा प्लग

"या रविवारी इंजिन खडखड ठोकू लागलं, तर मी मिशी उतरवीन!" सान एलिसेओ गावच्या मोटारशर्यतींच्या क्लबात, भाजक्या मांसाच्या धुरात उभं राहून एवारिस्तो मिस्त्रीनं जाहीर केलं.

मिशीपेक्षा मोठं काही पणाला लागलं होतं. गाडी चालवायची त्याची पुतणी ओफेलिया, आणि या हंगामात दोनदा इंजिन ठोकून तिचा पिस्टन लोण्यासारखा वितळला होता. "काका, तिसऱ्यांदा झालं तर मी बेर्तोलोत्तीच्या गॅरेजात जाणार," तिनं सांगून टाकलं होतं. बेर्तोलोत्ती! तीस वर्षांचा वैरी!

दोष आजवर लावलेल्या स्पार्क प्लगचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या बोंडाचा होता. प्लगचं टोक फार तापलं की पेट्रोल ठिणगीची वाट न बघताच भडकतं, अन् इंजिन डब्यात खडे खुळखुळावेत तसं ठोकू लागतं. म्हणून एवारिस्तोनं शर्यतीसाठी सहा 'थंड' प्लग, म्हणजे झटकन निवणारे, निवडले. पण थंड प्लग गार इंजिनात काजळी धरून रुसतात. तेव्हा आधी सहा 'गरम', म्हणजे उष्णता धरून ठेवणारे प्लग लावून इंजिन तापवायचं आणि मग बदलायचे.

आता गुपित राखायचं, तर गरम की थंड ते सांगणारा प्लगवरचा नंबर कानशीनं घासून टाकायचा, ही तिथल्या सगळ्याच मिस्त्र्यांची रीत. एवारिस्तोनं बाराच्या बारा घासले, अगदी आरशासारखे! थंड प्लग त्यानं शर्यतीला न्यायच्या चहापत्तीच्या डब्यात लपवले. तिथं कोण बघतंय?

रविवारी शर्यतीच्या मैदानावर इंजिन छान तापलं. गरम प्लग काढून त्यानं बाकावर ठेवले आणि मित्रांपुढे दोन बढाया मारायला गेला. परत येतो तर बायको एर्मिनिया एका परातीत बाराही प्लग पुसत बसलेली!

"अगं, हे काय केलंस!"

"पाहुण्यांना चहा करायला डबा उघडला, तर आत लोखंड! म्हटलं, सगळेच धुऊन टाकू."

"अगं, त्यातले सहा गरम होते!"

"होते ना! बोट भाजलं माझं. मग पेट्रोलात बुचकळले सगळे. आता बघ कसे गारेगार!"

एवारिस्तो मटकन खाली बसला. शर्यतीला वीस मिनिटं! प्लगच्या तोंडातल्या चिनीमातीची लांबी बघून ओळखता आलं असतं, पण चष्मा घरी. 'मी इंजिन कानांनी बघतो' असं सांगत फिरणारा माणूस चष्मा कशाला आणील?

ओफेलियानं डोळे ताणताणून पाहिलं. "काका, सगळे जुळे भाऊ दिसतात! थांबा, मी त्याला बोलावते."

"कुणाला? नको! मेलो तरी नको!"

पण बेर्तोलोत्ती आलाच, दातांत आगकाडी धरून. तीच काडी तो एकेका प्लगच्या तोंडात घालू लागला. "खोल गेली, हा गरम. अडली, हा थंड. म्हाताऱ्या, असा बघत काय बसलास? पाना घे!"

दोघांनी मिळून, खांद्याला खांदा लावून सहा प्लग बसवले. झेंडा पडला. पंधरा फेऱ्या एवारिस्तो डोळे मिटून ऐकत राहिला. धूळ उडत होती, माणसं ओरडत होती, आणि त्या कल्लोळात त्याचं इंजिन एका सुरात गात होतं. एकदाही ठोकलं नाही! ओफेलिया चौथी आली.

एवारिस्तोनं एक प्लग काढून तिला दाखवला. टोक कसं भाजल्या बिस्किटाच्या रंगाचं, म्हणजे प्लग अगदी हवा तसा! मग बेर्तोलोत्ती येताना दिसताच त्यानं तो झटकन फडक्यात गुंडाळला.

"लपवतोस काय?" बेर्तोलोत्ती हसून म्हणाला. "इथल्या बाकी सगळ्या गाड्यांत हाच थंड प्लग आहे, चार वर्षं झाली! चौकातला दुकानदार थंडात दुसरा ठेवतो कुठं?"

ओफेलिया इतकी हसली की हेल्मेट हातातून पडलं. मग तिनं काकाच्या घामेजल्या कपाळाचा मुका घेतला. "मी कुठं जात नाही, काका. चला, जेवायला."

एवारिस्तोनं फडकं उलगडलं, प्लग उन्हात फिरवला आणि हळूच बेर्तोलोत्तीला विचारलं,

"पण नंबर... इतका सफाईनं कुणी घासलाय का, सांग?"