सुमनची शनिवारची हजेरी

मुलांनो, आमच्या गल्लीत दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता डॉक्टर सुमन इंगळे माणसे मोजते. तिच्या गच्चीवर सतरंज्या पडतात. ज्याने त्याने आपला डबा आणायचा आणि सगळे जमल्याशिवाय घास घ्यायचा नाही. एखादा कमी भरला, तर ही जिना उतरून त्याला घरून उचलून आणते. एकाला तिने अर्ध्या दाढीवर आणले होते.

ही शिस्त अंटार्क्टिकाची. तिथल्या भारतीय तळावर ती वर्षभर डॉक्टर होती. हिवाळ्यात मोजकी माणसे, त्यात बाई ती एकटीच. शनिवारचे जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यायचे, हा तिथला नियम.

"तिथं उणे चाळीसात लोक टायमावर येत होते. अन् तुमाले अमडापुरात चार घरं ओलांडणं होत नाही?" हे तिचे पालुपद.

गेल्या महिन्यात शेजारच्या कौतिकआप्पांची पत्नी गेली. तेरावे झाल्यावर आप्पांनी दार लावून घेतले. दिलेले डबे जसेच्या तसे परत येऊ लागले. माणूस वाळत चालला. शनिवारी सुमन ताट घेऊन निघाली, सोबत मला नेले.

आतून आवाज आला, "जा बाई, मले भूक नाही."

"मले हाये. मी इथंच बसते." ती ओट्यावर बसून जेवू लागली.

"डॉक्टरीणबाई, हे काय तुमचं बर्फ हाये? इथं कोणी मरत नाही."

"बर्फातही नाही मरत, आप्पा. तिथं आमी मोजतो."

मग सुमनला जोराचा ठसका लागला. "ठेचा लागला, आप्पा! पाणी द्या!" पाण्याची बाटली तिच्या पिशवीत होती, ती तिने पायाने माझ्याकडे सरकवली. आप्पा तांब्या घेऊन बाहेर आले, आणि मग अर्धी भाकरी खाऊनच आत गेले.

परतताना मी म्हटले, "सुमन, हे नाटक कुठे शिकलीस?"

ती म्हणाली, "काकू, आई गेल्याचं मले तिथं जूनमध्ये समजलं. नोव्हेंबरपर्यंत विमान नव्हतं. मी खोलीची कडी लावून घेतली. आमचा स्वयंपाकी ताट घेऊन दाराबाहेर बसला अन् विचारते कसा, 'डॉक्टर, अंदर नमक है क्या?'"

"तुझ्या खोलीत मीठ होते?"

"कुठून असणार? पण 'नाही' सांगाले तरी दार उघडा लागलं ना, काकू."