बटरचा उपास

आमच्या ह्यांना फोनवर बोलायला घर पुरत नाही. फोन वाजला की चपला घालायच्या आणि वाडीत थेट विहिरीपलीकडे जायचं. तिथे अर्धा तास हातवारे करायचे, हसायचं, माना डोलवायच्या, आणि घरात येऊन मला सांगायचं काय, तर एक वाक्य. माझ्या जावेच्या नातवाचं लग्न ठरलं तेव्हा विहिरीवरून "बरे आहेत सगळे" एवढंच घरात आलं. लग्नाचं मला पत्रिका आल्यावर कळलं.

तरीही सशाच्या डॉक्टरणीला फोन करायचं काम मी ह्यांच्यावरच सोपवलं. म्हणजे मीही काही कमी नाही.

ससे आमचे नव्हेत. आमचा सुजय नायगावला अकराव्या मजल्यावर राहतो. त्याच्या ओवीला वाढदिवसाला दोन आणून दिले. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं, दोन्ही माद्या. ओवीने नावं ठेवली बटर आणि चेरी. चार महिन्यांनी चेरीने पोटावरचे केस उपटून घरटं केलं आणि सहा पिल्लं घातली. बटर शेजारी पाला खात बसली होती. बसला होता, म्हणायचं. त्याच रविवारी सुजयने ते सगळं बिऱ्हाड टोपलीत घालून आमच्याकडे आणून सोडलं. म्हणाला, "आई, तुमच्याकडे जागा आहे."

जागा आहेच. पण ती मी मोगऱ्याला ठेवलेली आहे.

पहिली सहा मी गावात खपवली. दुसऱ्या खेपेची पाच झाली तेव्हा शेजारची प्रिस्का मला लांबून बघून गल्ली बदलायला लागली, कारण पहिल्यातली दोन तिच्या गळ्यात होती. तोवर मोगऱ्याची एक अख्खी ओळ कोवळ्या फुटव्यासकट साफ झाली होती. मी बटरला वेगळ्या पिंजऱ्यात घातलं आणि सुट्टीला आलेल्या ओवीला समोर बसवलं.

"बटरचं ऑपरेशन करायचं. नाही झालं तर दोघंही चांदीपला, माझ्या भाच्याच्या, कल्पेशच्या शेतावर."

"आजी, तिथे कुत्रे आहेत."

"म्हणून तर ऑपरेशन."

ओवी रडली. हे मात्र बटरला मांडीवर घेऊन त्याच्या कानामागे खाजवत बसले. सशांचे डॉक्टर गल्लोगल्ली नसतात. माणिकपूरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीण महिन्यातून एकदाच येते, शनिवारी. शनिवार चुकला की महिना गेला. आणि तेवढा महिना पिंजऱ्याची कडी लागलेली राहील याची खात्री कोण देणार? आमच्या घरात दार लावायची सवय फक्त मला आहे.

शुक्रवारी हे विहिरीवरून फोन करून आले.

"काय म्हणाली?"

"उपाशी आणायचा. रात्री नवानंतर काही नाही."

मला पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं? माझे पित्ताचे खडे काढले तेव्हा मलाही पाण्याच्या थेंबाला महाग केलं होतं. मग मी त्याचा उपास असा पाळून घेतला की एकादशीला स्वतः पाळला नसता. गवत काढलं, पाणी काढलं, खाली अंथरलेला कागद चावत होता तोही काढला. सकाळी ओवीच्या खिशात गाजर सापडलं, ते कोशिंबिरीत घातलं. बटर माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की मी तोंड फिरवून चहा प्यायले.

अकरा वाजता आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टर अक्षदा म्हणजे कोवळी पोरगी, पण हात कसलेला. बटरला टेबलावर घेतलं, दात बघितले, कान बघितले. "सकाळी काय खाल्लं याने?"

"काही नाही," मी पदर सावरून सांगितलं. "रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही. मी स्वतः नजर ठेवली."

तिचा हात थांबला. "आजी, सशाला उपाशी ठेवत नाहीत. त्याला उलटी होतच नाही, मग उपाशी कशासाठी ठेवायचं? त्याचं पोट सारखं चालू लागतं. बंद पडलं तर जीव जातो."

"जीव जातो?" हे मागून म्हणाले. आवाज असा होता की मी वळून बघितलं. तोंडावर रंग नव्हता.

तिने पोटाला नळी लावून ऐकलं. आम्ही तिघं श्वास धरून. "आवाज आहे थोडा. दोन वाजेपर्यंत याने खाल्लं आणि लेंड्या टाकल्या, तरच मी ऑपरेशन करीन. नाही तर औषधं देते, पुढच्या महिन्यात बघू."

ओवीने माझा पदर धरला. "आणि चांदीप?"

दिलेला शब्द मी फिरवत नाही, पण त्या वेळी कोणी फिरवला असता तर मी अडवलं नसतं.

हे तर तोवर बाहेर पडलेसुद्धा होते. ज्या माणसाला मी दोन रुपयांची मिरची आणायला चारदा सांगते, तो पाच मिनिटांत धापा टाकत कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला आणि पुदिना घेऊन हजर. अख्खी भाजीवाली उचलून आणायचीच बाकी होती. पण बटरने सगळ्याकडे पाठ केली. समोर आमच्या गावच्या सिप्रियनचा काळा कुत्रा भुंकत होता.

"सिप्रियन, तुझ्या कुत्र्याला जरा बाहेर घे," मी म्हटलं.

"मंदाकाकी, त्याला इंजेक्शन आहे. तो सशाला नाय, डॉक्टरला भुंकते."

"बटरला कुठे कळतंय ते?"

सिप्रियन कुत्र्याला घेऊन पायरीवर जाऊन बसला. नायगावची बायजा बकरीचं करडू घेऊन आली होती. तिने पिंजऱ्यात वाकून बघितलं. "अगं बाय, आधी पानी तरी दे त्याला. रातभर उपाशी, कोरड्या तोंडी पाला कसा जाईल?"

पाणी दिलं. प्यायला. खाल्लं मात्र नाही. एक वाजला. ओवीने त्याला गोष्ट सांगितली. ह्यांनी स्वतः कोथिंबिरीची काडी चावून दाखवली. बायजाच्या करडाने मेथीची अर्धी जुडी संपवली.

शेवटी मीच फरशीवर बसकण मारली आणि पिंजऱ्याचं दार उघडून आत डोकं घातलं. मी म्हटलं, "हे बघ, मी तुला उपाशी ठेवला, चुकले. आता राग सोड." माझ्या अंबाड्यात घरचा गुलाब होता. बटरने नाक हलवलं, मान लांब केली आणि माझ्या डोक्यावरून एकेक पाकळी ओढून खाऊ लागला.

"हलू नको," हे कुजबुजले.

डॉक्टरीण दारात आली. "फवारणीचा आहे का?"

"माझ्या वाडीत फवारणी होत नाही," मी पिंजऱ्यातूनच सांगितलं.

"मग चालेल."

गुलाब संपला, मग पुदिना, मग मुळ्याचा पाला. पावणेदोनला पहिली लेंडी पडली. सिप्रियन पायरीवरून उठून बघायला आला. बायजाने मोजल्या, सात. माझ्या नातवंडांच्या पहिल्या दातालासुद्धा इतकी माणसं जमली नव्हती.

बटरला आत नेलं. तासाभराने डॉक्टरीण बाहेर आली. "छान झालं. शुद्धीवर आलाय, गवत हुंगतोय. सहा आठवडे चेरीपासून लांबच ठेवा, तोवर भरवसा नाही." हे सगळं ती मलाच सांगत होती, ह्यांच्याकडे न बघता. मग राहवलं नाही तिला. "आजोबा, मी काल फोनवर दोनदा सांगितलं होतं, उपाशी आणू नका, आणलात तर ऑपरेशन करता येणार नाही."

सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. करडानेसुद्धा.

"नेटवर्क नव्हतं," हे म्हणाले.

मी नुसती बघत राहिले. पंचेचाळीस वर्षं संसार झाला की नुसतं बघून भागतं.

"अगं, आठ महिन्यांचं पोर ते," हे खाली बघून म्हणाले. "जिवावर बेतेल हे ती बोलली नव्हती. बोलली असती तर मी ठेवला असता का उपाशी? मला वाटलं, हुकला एक महिना तर हुकला, चांदीपला काही तू धाडत नाहीस. तेवढाच बिचारा सुटला."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुजयच्या पाठची धाकटी झाली त्या वर्षी गावात नसबंदीचा कॅम्प होता. नाव ह्यांचं लागलं होतं. नर्सबाईंनी बजावलं होतं, सकाळी काही खाऊन येऊ नका. हे पहाटे उठून आठ पुऱ्या आणि आमरस खाऊन गेले आणि तासाभरात हसत परत आले. पुढल्या महिन्यात टेबलावर मी झोपले. इतकी वर्षं मी समजत होते, ह्यांना भूक आवरली नाही.

मी उठले, साडी झटकली आणि बायजा, सिप्रियन, डॉक्टरीण सगळ्यांच्या देखत म्हटलं, "अहो, स्वतः खाऊन सुटलात, ह्याला उपाशी ठेवून सोडवायला निघालात. आपल्या राऊतांच्या घरात धीराचा पुरुष एकच निघाला, आणि त्याचंही आज उरकलं."