डॉक्टर सबनीसांचे जर्मन प्रोफेसर

मला टाइपरायटर शिकवला तो डॉक्टर सबनीसांनी. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना वेड्यात काढाल. एकाहत्तर साली मी, सातवीत शाळा सोडलेला माणूस, बायको-पोरं अकोले तालुक्यातल्या डोंगरात ठेवून नगरच्या एका कॉलेजात काचेची भांडी धूत होतो. एखादी नळी फुटेल नि नोकरी जाईल, ही धास्ती कायम. तिथं रसायन शिकवणाऱ्या डॉक्टरांनी मला भिंगारच्या आपल्या एकट्याच्या बिऱ्हाडात जागा दिली. म्हणाले, "सोपान, उद्यापासून माझी पत्रं तू टाइप करायची."

पत्रं सगळी पश्चिम जर्मनीला. पीएच.डी. झालेली, आता पुढचं संशोधन तिकडच्या एखाद्या संस्थेत करायचं, एवढीच आस. स्फटिकांवर काम करणाऱ्या कुणाचं नाव मासिकात दिसलं की हवाई पत्र गेलंच. उत्तर आलं एकाच म्हाताऱ्या प्रोफेसरांचं. प्रबंध वाचला, जागेचं बघतो.

तेव्हापासून डॉक्टर रोज सकाळी टाय बांधून एका रिकाम्या खुर्चीपुढं मुलाखत द्यायला बसू लागले. जर्मनमध्ये बोलायचे, थांबायचे, मान हलवायचे, मधेच हसायचे. मी चहा ठेवायला गेलो तर म्हणाले, "उजवीकडून ये. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही, दचकतात."

"तुमाला कुनी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? रोज बसतात ना इथं."

त्या खोलीत झाडताना मी खुर्चीला पाठ करत नसे.

एका शनिवारी संस्थेतल्या बाईंचं पत्र आलं. डॉक्टरांनी मला मराठीत वाचून दाखवलं. प्रोफेसर वारले. मागं कुणी नाही. शेवटी शेवटी तुमचा प्रबंध आम्ही त्यांना वाचून दाखवायचो, उजव्या बाजूला बसून, कारण डावा कान गेलेला होता. नवे प्रमुख तुम्हाला घ्यायला तयार आहेत, महिनाअखेर होकार कळवा.

मी खुर्चीकडं बघितलं. डॉक्टरांनी नुसता टाय सोडला. "नव्या माणसाला मी कोण? नाही जायचं." आणि सुतक धरलं. दाढी बंद, पत्रं बंद.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, गुरूचं तीनच दिवस असतं. त्यात तो साहेब."

"त्यांना मूलबाळ नाही, काकू," म्हणाले, नि दहा दिवस पाळले.

दहाव्याला नाल्याकाठी भाताचा पिंड ठेवला. समोर चिंचेवर कावळे ओळीनं बसलेले, पण एक खाली येईना. सगळ्यांनी मान वळवून उजवी बाजू आमच्याकडं केलेली. डॉक्टर जर्मनमध्ये विनवत होते. काय, ते मला मागाहून सांगितलं. तुमचं राहिलेलं काम पुरं करतो, तुमच्या नावानं छापतो. एक पंख हलला नाही.

ऊन चढलं. शेवटी मीच हात जोडले. "सायब, डॉक्टर येत्यात तिकडं. होकाराचं पत्र मी आजच टाकतो."

एक कावळा उतरला.

डॉक्टर रागावतील म्हणून मी मान वर केली नाही. घराजवळ आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांना मराठी कसं कळलं रे?" आणि मी टाइप केलेल्या पत्रावर न वाचता सही केली.

मुंबईच्या एसटीत बसताना मात्र म्हणाले, "सोपान, त्यांना मी तरी होतो."

तेवढ्यात गाडी सुटली. आज ऑफिसात टायपिस्ट आहे तो त्यांच्यामुळं, म्हणून इथं लिहून ठेवतो. डॉक्टर, मी हाय. देव करो नि तो दिवस लई लांब असो, पण दहाच्या दहा दिवस पाळीन.