हरकत क्रमांक एक

निसर्गाचं रक्षण नियमाने होतं, हे आता सर्वमान्य आहे. नियम नव्हते तेव्हा ते नुसतंच आपोआप होत असे.

म्हणून निसर्ग संवर्धन कार्यालयाने वाहनतळासाठी आवारातलं झाड तोडण्याआधी त्याच झाडावर नोटीस ठोकली (खिळे चार, गंजरोधक). हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी. सोबत झाडावरच्या रहिवाशांची यादी:

बगळे: सतरा.
खारी: दोन (एकच दोनदा मोजल्याची शक्यता).
मुंग्या: सहकार्य केलं नाही.
वटवाघळं: कार्यालयीन वेळेत झोपलेली आढळली, सबब कर्मचारी समजून वगळली.

तीच नोटीस वर्तमानपत्रातही आली, शब्दकोड्याशेजारी. शब्दकोडं सगळ्यांनी सोडवलं.

येणाऱ्या कागदांवर शिक्का मारणाऱ्या आवक कारकुनाचं टेबल झाडाच्या सावलीतल्या खिडकीशी होतं. बावीस वर्षांत पंखा एकदाच चालला, पण त्याचं कधी अडलं नाही. त्याने स्वतः हरकत घ्यावी तर नोकरीवर गदा. मग तो रोज शिक्का पुसून, कोणीतरी माणूस अर्ज घेऊन येईल म्हणून दाराकडे बघत बसे.

एकोणतिसाव्या दिवशी एका बगळ्याने थेट नोटिशीवरच आपलं म्हणणं मांडलं. शिपाई मावशी ओलं फडकं घेऊन निघाल्या.

"पुसू नका मावशी," कारकून म्हणाला. "मुदतीत आलंय."

नोटीस उतरवून त्याने शिक्का मारला. हरकत क्र. १. अर्जदार: स्थानिक रहिवासी. मजकूर: स्पष्ट.

साहेबांनी कपाळावर हात मारला. पण मारलेला शिक्का खोडायची सोय नियमात नव्हती. सुनावणी ठेवणं आलं.

"अहो, पण तो येणार कधी?"

"रोज साडेपाचला येतो, साहेब. आपण त्याआधी निघता."

सुनावणी झाडाखाली झाली. बगळा वेळेवर आला आणि त्याने तेच म्हणणं पुन्हा मांडलं, या वेळी साहेबांच्या बाहीवर. इतिवृत्तात नोंद झाली: अर्जदार ठाम.

निकाल मात्र बहुमताने लागतो. हरकत एक. हरकत न घेणाऱ्यांची संमती गृहीत, ती चार लाख. झाड सोमवारी गेलं. बगळे कुठे गेले, याचा रकाना नमुन्यात नाही.

आता कारकुनाच्या खिडकीशी रीघ असते. घाम पुसत तो वाहनतळाच्या पासांवर शिक्के मारतो. वाचकहो, आपलाही पास तयार आहे, संमतीदारांना प्राधान्य आहे. गाडी उन्हात तापत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावं.